खोटे बिल आणि खरा साक्षीदार

साहेबांची इन्स्पेक्शन स्पेशल येणार असली की आठ दिवस आधी साऱ्या सेक्शनला खबर असते. स्टेशनच्या कुंड्यांना गेरू लागतो, रजिस्टरे पुरी होतात, एरवी कुलपात असलेली वेटिंग रूम उघडते. साहेब येतात, जे दाखवले ते पाहतात, समाधानाचा शेरा मारतात आणि जातात. पण रुळाखालचा कोणता स्लीपर दगा देणार आहे, कोणत्या फिशप्लेटचा बोल्ट ढिला आहे, हे रोज त्या रुळावरून चालणाऱ्या ट्रॅकमनला ठाऊक असते. पोस्टातही तेच. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर कागद बघतो. कागदामागे काय चालले आहे ते काउंटरवर बसणाऱ्याला ठाऊक असते.

बंधु-भगिनींनो, कामगारांच्या औषधोपचाराच्या पैशालाही हाच नियम लागू आहे. या अंकात आम्ही मुद्दाम अमेरिकेचे उदाहरण घेत आहोत. आरोग्याच्या सरकारी पैशावर डल्ला मारणाऱ्यांना पकडण्याची फार मोठी यंत्रणा त्या देशाने उभी केली. त्या यंत्रणेतून एक नवा पेशाच जन्माला आला. माणूस दहा-वीस वर्षे सरकारी तपासनीस म्हणून हॉस्पिटलांची खोटी बिले धरतो आणि नंतर नोकरी सोडून त्याच हॉस्पिटलांना नियम कसे पाळावेत याचा सल्ला देऊ लागतो. त्याला तिकडे कम्प्लायन्स कन्सल्टंट म्हणतात; आपण नियमपालनाचा सल्लागार म्हणू. या पेशाची कहाणी आपल्या रेल्वे आणि टपाल कामगाराने समजून घेण्यासारखी आहे. कारण आपल्यालाही आता दुखणे मोठे असले की पॅनेलवरच्या खाजगी हॉस्पिटलात पाठवले जाते आणि बिल सरकारी तिजोरीतून जाते.

पैसा कोणाचा?

अमेरिकेत १९६५ साली मेडिकेअर नावाची योजना सुरू झाली. पासष्ट वर्षांवरील माणसाच्या उपचाराचा खर्च तीत सरकार करते. त्याच वेळी गरिबांसाठी मेडिकेड सुरू झाली. मेडिकेअरचा हॉस्पिटल खर्चाचा पैसा येतो कोठून? कामगाराच्या पगारातून १.४५ टक्के कापले जातात आणि तितकेच मालक भरतो. म्हणजे या निधीतून जो चोरी करतो तो सरकारची नव्हे, घाम गाळणाऱ्याची चोरी करतो.

चोरीचे प्रकार ऐकले तर आपल्याला ते परके वाटणार नाहीत. साधा ताप बघून गंभीर आजाराचे बिल लावायचे. म्हणजे प्रवासी बसला स्लीपरला आणि भाडे लावले एसीचे. एकाच रक्ततपासणीचे पाच तुकडे करून पाच वेगळी बिले करायची. रोगी पाठवणाऱ्या डॉक्टरला मागच्या दाराने कमिशन द्यायचे. न दिलेल्या व्हीलचेअरचे पैसे घ्यायचे. आणि हॉस्पिटलच्या वार्षिक खर्चाच्या हिशेबात मालकाचा स्वतःचा खर्च घुसडायचा.

हे रोखण्यासाठी १९७६ साली तिथल्या आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर जनरलचे कार्यालय काढण्यात आले. १९७८ साली कायदा करून इतर अनेक खात्यांतही असे अधिकारी नेमण्यात आले. या अधिकाऱ्याला खात्याच्या आत बसूनच खात्याची झाडाझडती घ्यायची असते आणि अहवाल खात्याच्या प्रमुखाबरोबर संसदेलाही द्यायचा असतो.

या कार्यालयाच्या प्रमुखांपैकी जून गिब्ज ब्राऊन या बाईंची कारकीर्द लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या आधी अंतर्गत खात्याच्या, मग नासा या अवकाश संस्थेच्या, मग संरक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरल होत्या. १९९३ ते २००१ त्या आरोग्य खात्यात त्याच पदावर राहिल्या. त्यांच्या काळात, १९९५ मध्ये, पाच मोठ्या राज्यांत खास मोहीम काढून घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या कंपन्या, वृद्धांची शुश्रूषागृहे आणि वैद्यकीय साहित्य पुरवणारे यांची तपासणी झाली. १९९६ च्या आर्थिक वर्षाचे मेडिकेअरच्या बिलांचे लेखापरीक्षण प्रथमच नमुने काढून झाले. त्यात सुमारे २,३२० कोटी डॉलर, म्हणजे दिलेल्या रकमेच्या १४ टक्के, चुकीने दिले गेल्याचा अंदाज निघाला. यातला सगळा पैसा चोरीचा नव्हता. बऱ्याच बिलांना आधाराचे कागदच नव्हते, काही उपचार गरजेचेच नव्हते. पण १९९८ च्या वर्षात हा आकडा सुमारे १,२६० कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास, खाली आला. कोणीतरी मोजते आहे एवढे कळले तरी पैसा वाचतो, हा यातला पहिला धडा.

व्हाईटफिश गावचा हिशेबनीस

पण एवढी मोठी यंत्रणा असूनही सर्वांत मोठी चोरी उघडकीस आणण्यात मोठा वाटा कोणाचा होता? मोंटाना राज्यातल्या व्हाईटफिश नावाच्या लहान गावात एक छोटे हॉस्पिटल होते. १९९० साली त्याचा कारभार एका नव्या कंपनीकडे गेला. ही कंपनी पूर्वी एचसीए या बड्या हॉस्पिटल कंपनीचाच एक भाग होती. नव्या मालकांनी तिथल्या हिशेब प्रमुखाला सांगितले की खर्चाचे दोन हिशेब तयार ठेवायचे. एक फुगवलेला, सरकारला पाठवायचा. दुसरा खरा, कपाटात ठेवायचा. सरकारी ऑडिटरने फुगवलेला भाग पकडलाच तर किती पैसे परत द्यावे लागतील, ते दुसऱ्या हिशेबावरून आधीच बाजूला काढून ठेवायचे. सावकाराच्या दोन वह्या आपल्या आजोबांनी पाहिल्या होत्या, त्यातलाच हा प्रकार.

त्या माणसाने नकार दिला. त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आले.

तो गप्प बसला नाही. कंपनीवर दावा लावून त्याने कागद मिळवले. हा आपल्या एका गावापुरता प्रकार नाही हे त्याच्या ध्यानात आले आणि १९९३ साली त्याने सरकारच्या वतीने खटला दाखल केला. सरकार त्यात सामील झाले ते १९९८ साली. मध्यंतरी, १९९७ मध्ये, कोलंबिया-एचसीए हे नाव लावणाऱ्या त्या बड्या कंपनीच्या हॉस्पिटलांवर अनेक राज्यांत धाडी पडल्या. फ्लॉरिडातल्या एका हिशेबनिसाने आणि आणखी काही कर्मचाऱ्यांनीही आपापल्या ठिकाणचे प्रकार पुढे आणले होते. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने सुमारे ८४ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. तिच्या उपकंपन्यांनी गुन्हे कबूल केले. २००३ मध्ये आणखी ६३ कोटींहून अधिक डॉलर तिने भरले. सारे मिळून हा आकडा सुमारे १७० कोटी डॉलरपर्यंत गेला. आरोग्य क्षेत्रातली तोवरची ही सर्वांत मोठी वसुली होती.

नोकरी गेली १९९० ला, शेवट झाला २००३ ला. एका माणसाच्या उमेदीची तेरा वर्षे त्यात गेली.

आता दुसरी बाजू पाहा. कंपनीच्या प्रमुखांनी, रिक स्कॉट यांनी, जुलै १९९७ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यावर व्यक्तिशः खटला झाला नाही. पुढे २०११ ते २०१९ ते फ्लॉरिडाचे गव्हर्नर होते आणि नंतर सिनेटर झाले. मधल्या फळीतल्या दोन अधिकाऱ्यांना १९९९ मध्ये दोषी ठरवण्यात आले, पण २००२ मध्ये अपिलात ते सुटले. कंपनीने दंड भरला, पण तुरुंगाची हवा कोणीही खाल्ली नाही. आपल्याकडे पाच रुपयांची तफावत निघाली तर बुकिंग क्लार्कला चार्जशीट मिळते. सातासमुद्रापलीकडेही न्यायाचा काटा वरच्या बाजूला हलकाच कलतो असे दिसते.

तो माणूस टिकला कशाच्या जोरावर?

त्या हिशेबनिसाच्या पाठीशी एक जुना कायदा होता. १८६३ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, ठेकेदार सरकारी फौजेला आजारी खेचरे आणि सडके धान्य विकत होते. तेव्हा लिंकन अध्यक्ष असताना खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा झाला. सरकारला लुबाडणाऱ्याविरुद्ध कोणाही नागरिकाने सरकारच्या वतीने खटला भरावा आणि वसुलीचा वाटा घ्यावा, अशी त्यात सोय होती. १९४३ साली या कायद्याची धार बोथट करण्यात आली. १९८६ साली ती पुन्हा लावण्यात आली. तेव्हापासून लुबाडलेल्या रकमेच्या तिप्पट वसुली होऊ शकते. सरकार खटल्यात उतरले तर माहिती देणाऱ्याला १५ ते २५ टक्के आणि सरकार न उतरता त्याने एकट्याने तो जिंकला तर २५ ते ३० टक्के वाटा मिळतो. एचसीएच्या २००३ च्या तडजोडीत माहिती देणाऱ्यांना मिळून १५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

आम्हाला मात्र बक्षिसापेक्षा त्याच कायद्यातले दुसरे कलम महत्त्वाचे वाटते. खरे सांगितले म्हणून ज्याची नोकरी गेली, त्याला त्याच सीनियॉरिटीने परत कामावर घ्यायचे आणि बुडालेला पगार दुप्पट करून व्याजासह द्यायचा. बक्षिसाच्या आशेने चार लोक पुढे येतील. पण पोरांच्या तोंडचा घास जाणार नाही याची खात्री असेल तर चारशे येतील.

सल्लागाराचा पेशा

आता त्या सल्लागाराकडे वळू. १९९६ च्या कायद्याने तपासणीसाठी दरवर्षी हमखास पैशाची तरतूद झाली. १९९८ च्या फेब्रुवारीत इन्स्पेक्टर जनरलच्या कार्यालयाने हॉस्पिटलांसाठी एक मार्गदर्शक पत्रक काढले. लेखी नियम करा, नियमपालनाचा अधिकारी नेमा, नोकरवर्गाला शिकवा, तक्रारीसाठी टेलिफोन ठेवा, स्वतःच ऑडिट करा, दोषी माणसाला शिक्षा करा, सापडलेली चूक दुरुस्त करा, असा त्याचा सारांश. शिवाय ज्या कंपन्या पकडल्या गेल्या त्यांच्याकडून काही वर्षांचे करारपत्र लिहून घेतले जाऊ लागले. एचसीएवर असा आठ वर्षांचा करार होता. त्यानुसार बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसाकडून दरवर्षी बिले तपासून घ्यावी लागत.

मग हे काम करायला माणसे कोठून आणायची? अर्थातच सरकारी तपास खात्यातून. उंदराची बिळे त्यालाच माहीत. वर्षानुवर्षे ज्याने खोटी बिले वाचली, त्याला हॉस्पिटलच्या कचेरीत तासभर बसवले तरी कोठे पाणी मुरते ते कळते. चोरी झाल्यावर धरण्यापेक्षा ती होऊच न देणे केव्हाही चांगले. त्यामुळे या पेशात मन लावून काम करणारी माणसे आहेत आणि त्यांच्यामुळे पैसाही वाचला असेल. ते नाकारण्याचे कारण नाही.

पण युनियनचा माणूस एक प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही. या तपासनिसाचा पगार कोण देतो? ज्याची तपासणी करायची तोच देतो. ठेकेदाराच्या खर्चाने ठेकेदाराच्या पुलाची तपासणी झाली तर त्या पुलावरून आपण गाडी नेऊ का? त्यातून आणखी एक भीती आहे. उद्या ज्याच्याकडे नोकरी मागायची आहे त्याच्या बिलावर आज लाल शेरा मारताना हात थरथरू शकतो. म्हणून सरकारी तपासनीस आणि खाजगी सल्लागार यांच्यामध्ये काही वर्षांची भिंत हवी, आणि सल्लागाराचा अहवाल मालकाच्या कपाटात न राहता सरकारकडे थेट गेला पाहिजे.

आणि शेवटी हाही सल्लागार कोणाच्या जोरावर काम करतो? तक्रारीच्या टेलिफोनवर बोलणाऱ्या नर्सच्या, बिल टाइप करणाऱ्या क्लार्कच्या. त्यांनी तोंड उघडले नाही तर त्याच्या हाती फक्त इन्स्पेक्शन स्पेशलमधून दिसते तेवढेच लागते.

आपल्या घरी काय?

आपल्याकडे रेल्वेची स्वतःची हॉस्पिटले आहेत. निवृत्त होताना एकरकमी वर्गणी भरून आपण पुढच्या उपचाराची सोय करतो. टपाल खात्यातल्या बंधु-भगिनींना, जिथे केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे तिथे तिचे कार्ड मिळते आणि पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते. जिथे ती नाही तिथे १९४४ चे वैद्यकीय नियम लागू आहेत. सगळीकडे खाजगी हॉस्पिटलांच्या बिलांचा भार वाढत आहे.

खोट्या बिलांचा धोका इथे नाही असे कोणी समजू नये. आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्यावरचा महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवला गेला. एकाच मोबाइल नंबरवर, ९९९९९९९९९९ वर, ७,४९,८२० लाभार्थी नोंदलेले आढळले. ओळख मोबाइलवरून पटवली जातच नाही, असे सरकारने त्यावर सांगितले. पण त्याच अहवालात आणखी गंभीर गोष्ट आहे. आधी मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी ६.९७ कोटी रुपये हॉस्पिटलांना दिले गेले होते. हा शोध कॅगच्या ऑडिटरांना कागदावरून आणि कॉम्प्युटरवरून लागला. पण ज्या हॉस्पिटलात मेलेल्या माणसाच्या नावाचे बिल बनले, तिथे ते बनवणारे हात होते. त्यातल्या एकाला तरी ते खटकले नसेल काय? त्याने बोलावे कोणाजवळ आणि कोणाच्या भरवशावर?

नोव्हेंबर २००३ मध्ये सत्येंद्र दुबे या महामार्ग प्राधिकरणाच्या इंजिनियरचा गया येथे खून झाला. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिले होते आणि आपले नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ते नाव गुप्त राहिले नाही. देशभर संताप झाल्यावर २००४ साली केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. पुढे २०१४ साली संसदेने माहिती देणाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो अंमलात आणल्याची अधिसूचना अजून निघालेली नाही. पेटी आली, औषध आले, पण पेटीचे कुलूप उघडलेच नाही.

तोवर २००४ चा ठराव आपल्या हाती आहे आणि तो प्रत्येक सभासदाला माहीत हवा. तक्रार बंद पाकिटातून केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवाच्या नावे पाठवायची. ती जनहितार्थ माहितीच्या ठरावाखाली आहे असे पाकिटावर लिहायचे. आपले नाव-पत्ता पाकिटावर लिहायचा नाही, आतल्या पत्रात लिहायचा. निनावी तक्रार घेतली जात नाही. टपाल कामगारांना आम्ही वेगळे काय सांगावे? असे एखादे पाकीट तुमच्या हातून सॉर्टिंगला जाईल. आत कोणाच्या तरी नोकरीचा, कदाचित जिवाचा, प्रश्न असेल.

आपली स्वतःची जबाबदारी

इथे एक कटू गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. खोटे मेडिकल बिल लावणारा हातही काही वेळा आपल्याच माणसाचा असतो. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलवाला म्हणतो, "काका, इथे कोऱ्यावर सही करा, बाकी आम्ही भरून घेतो." आणि आपला पेन्शनर घरी जायच्या घाईत सही करून मोकळा होतो. काही जण जाणूनबुजून केमिस्टकडून फुगवलेली पावती घेतात. कोणी म्हणेल, सरकारचा पैसा आहे, आपले काय जाते? आपलेच जाते. उद्या याच खोट्या बिलांचे बोट धरून प्रशासन म्हणेल की योजना परवडत नाही, वर्गणी वाढवा, पॅनेल कमी करा. मग हृदयाचे ऑपरेशन खरोखर ज्याला हवे आहे त्याची फाइल महिनोन्‌महिने पडून राहील. जाणूनबुजून खोटे बिल लावणाऱ्याची पाठराखण युनियनने करू नये. पण भोळेपणाने सही करणारा आणि ती सही विकून खाणारा यांना एकाच पारड्यात घालू नये, यासाठी मात्र युनियनने अखेरपर्यंत लढावे. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ देऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. २०१४ चा कायदा ताबडतोब अंमलात आणावा. माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली, चार्जशीट किंवा पदोन्नती रोखणे यावर तपास पूर्ण होईपर्यंत बंदी असावी; खाजगी हॉस्पिटलातली नर्स आणि क्लार्क यांनाही हे संरक्षण मिळावे. पॅनेलवरच्या हॉस्पिटलाने सरकारला पाठवलेल्या प्रत्येक बिलाची प्रत रुग्णाला मराठीत, हिंदीत किंवा त्याला कळेल त्या भाषेत द्यावी. खोटी बिले लावणाऱ्या हॉस्पिटलांची नावे प्रत्येक रेल्वे दवाखान्यात आणि डाकघरात फलकावर लावावीत. बिलांच्या तपासणीच्या समितीवर मान्यताप्राप्त युनियनचा प्रतिनिधी असावा.

आणि सभासदांना एकच विनंती. कोऱ्या कागदावर सही करू नका. डिस्चार्जच्या वेळी बिल मागून घ्या, वाचा, वाचता येत नसेल तर शाखेत घेऊन या. न झालेल्या तपासणीचे नाव त्यात दिसले तर शाखा सचिवाला सांगा. तुम्ही एकटे सांगाल तर तक्रार होईल. शाखेच्या ठरावातून सांगाल तर प्रशासनाला उत्तर द्यावे लागेल. व्हाईटफिशचा हिशेबनीस एकटा होता, म्हणून त्याला तेरा वर्षे लागली. आपल्यामागे संघटना आहे. पुढच्या महिन्याच्या शाखा सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि ठराव करून मध्यवर्ती कचेरीकडे पाठवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!